१२ किलोची भरणी : लातूरमधल्या लाकडी घाण्याच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

घाणा ठरला: एक उखळ, एका वेळची भरणी १२ किलो, ३ एचपीची मोटर. जागा मोंढ्याजवळ (धान्याचा घाऊक बाजार) भाड्याची, १२ बाय २० फूट. मुख्य माल शेंगदाणा, जोडीला करडई. तीळ आणि खोबरे पहिल्या वर्षी घ्यायचे नाही. बी बदलले की उखळ पुसून घ्यावे लागते, एक भरणी वाया जाते आणि आधीच्या तेलाचा वास तरीही पुढच्या तेलात उतरतो.

तीन कारखानदारांची कोटेशने आली, १.६५ लाखांपासून २.४० लाखांपर्यंत. प्रत्येकाला चारच प्रश्न विचारले: उखळ आणि लाट (उखळात फिरणारा लाकडी दांडा) कोणत्या लाकडाची, लाकूड किती वाळलेले, मिनिटाला फेरे किती, गिअरबॉक्सचे सील कुठे. सर्वांत स्वस्त घाण्याच्या उखळाला आतून लोखंडी पत्रा आहे आणि फेरे विसाच्या वर. फेरे वाढवले की भरणी लवकर निघते, पण तेल तापते. मग लाकडी घाण्याच्या नावावर जादा पैसे मागायला तोंड राहत नाही. शिरसाचे उखळ, बाभळीची लाट, मिनिटाला १२ फेरे असा १,८५,००० रुपयांचा घाणा निवडला. एक सुटी लाट जादा मागितली आहे.

१० जून

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) झाली. आधार आणि पॅन पुरते, फी शून्य. याच कामाचे हजार-दीड हजार घेणारी दुकाने बाजारात आहेत, तिकडे जायची गरज नाही. कामगार दहापेक्षा कमी असल्याने शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीही दिली.

पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज भरला. पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, स्वतःचा वाटा किमान १० टक्के. अर्ज आणि प्रकल्प अहवाल योजनेने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तीकडून तपासून घेतला, ही मदत मोफत असते. यंत्रांचा एकूण खर्च ३,३०,००० धरला: घाणा १,८५,०००, बाकी चाळणी, स्टीलच्या टाक्या, वजनकाटे, भरणी-सील यंत्र, स्टार्टर आणि वायरिंग.

दोन गोष्टी अर्जदार हमखास चुकवतात. कर्ज मंजूर होण्याआधी यंत्राला बयाणा देतात, मग ते यंत्र अनुदानाच्या हिशोबात बसवणे अवघड जाते. आणि अनुदान हातात येणारे पैसे समजतात. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षे खाते नियमित राहिले, युनिट चालू राहिले, तरच कर्जात वळते होते. म्हणून हप्ता पूर्ण २,९७,००० च्या कर्जावर धरला: पाच वर्षे, ११ टक्के, महिना सुमारे ६,४६०.

२० जून

भुईमूग शेंगेचा २०२४-२५ चा हमीभाव काल जाहीर झाला, क्विंटलला ६,७८३ रुपये. शेंग घ्यावी की दाणा, हा हिशोब यावरून मांडला. १०० किलो शेंगेत ६५ ते ७० किलो दाणा निघतो. ६८ धरला तर दाणा किलोला ९९.७५ रुपये, वर शेंग फोडणे, हमाली, चाळणी. टरफल जळणाला जाते, त्याचे किरकोळ पैसे येतात. तयार दाणा मोंढ्यात पोच ११० ला मिळतो. फरक पाच-सहा रुपयांचा, पण शेंग ठेवायला दुप्पट जागा लागते आणि ओल आतून कळत नाही. सुरुवातीला दाणाच घ्यायचा.

दाण्याचा व्यापार काउंटवर चालतो: एका औंसात किती दाणे बसतात. ४०-५० काउंटचा मोठा दाणा दिसायला छान, पण ती किंमत खाण्याच्या मालाची. तेलाला ६०-७० काउंट किंवा फुटलेली डाळ चालते. मात्र डाळ ताजी फुटलेलीच हवी. पाकळी उघडी पडली की दाण्यातले तेल हवेला लागते आणि महिन्याभरात खवट वास धरते.

२ जुलै

सगळा धंदा या पानावर आहे, म्हणून सावकाश लिहिले.

धरलेला माल १०० किलो दाणा, ११,००० रुपये. निवडणीत २ किलो जातो. उरलेल्या ९८ किलोतून कच्चे तेल ३९ किलो (उतारा ३९.८ टक्के), पेंड साडेसत्तावन्न किलो. निवळल्यावर दीड किलो गाळ खाली बसतो, विक्रीचे तेल साडेसदतीस किलो. शेंगदाणा तेलाचा लिटर सुमारे ९१० ग्रॅमचा, म्हणजे ४१.२ लिटर. किलो आणि लिटर यांची गल्लत केली तर हिशोबात ९ टक्क्यांची चूक होते. नफ्याचा अर्धा भाग तेवढ्यातच जाईल.

पेंड ४२ रुपयांनी २,४१५. दाण्यातून वजा करून ८,५८५ उरले. वीज साधारण १३.५ युनिट, ९ रुपयांनी सुमारे १२०. मजुरी ६००. बाटली १४ आणि लेबल ३, मिळून ७००. भाडे ५,०००, हप्ता ६,४६० आणि किरकोळ २,५४० असा महिन्याचा १४,००० स्थिर खर्च. महिन्याला १८ क्विंटल दाणा गाळला तर क्विंटलमागे सुमारे ७८०. एकूण १०,७८५, म्हणजे लिटरला २६२ रुपये.

थेट विक्री ३२० ला: लिटरमागे ५८ रुपये. दुकानदाराला १५ टक्के दिले तर हातात २७२, सुटतात १० रुपये. दुकानांच्या भरवशावर हा घाणा चालणार नाही.

पेंडीचा दर सोडून दिला तर तेल लिटरला ५९ रुपयांनी महाग पडते. पेंड ओली निघाली, बुरशी लागली, गिऱ्हाईक तुटले, तर एवढे नुकसान. आणि उतारा एका टक्क्याने घसरला तर क्विंटलमागे साधारण ३०० रुपये जातात, महिन्याला ५,४००. बँकेच्या हप्त्याजवळ जाणारी ही रक्कम आहे आणि ती कुठल्याही बिलात दिसत नाही. म्हणून वहीत प्रत्येक भरणीचे पाच आकडे लिहायचे: दाणा, पाणी, तेल, पेंड, वेळ. एकही भरणी सोडायची नाही.

खेळते भांडवल: आठवड्याचा दाणा ४९,५००, तेवढ्याच किमतीचे तेल निवळायला पडलेले, हजार बाटल्या १४,००० आणि थोडी उधारी. सव्वा लाख बाजूला हवेत. योजनेचे अनुदान यंत्रांवर आहे, या पैशांवर नाही.

२४ जुलै

अन्न परवाना. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर वर्षाला १०० रुपयांची नोंदणी पुरते. आपल्या हिशोबाने महिना ७५० लिटर, २.४० लाख. पाचव्या महिन्यातच १२ लाख पार. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक २ ने सुरू होतो, राज्य परवान्याचा १ ने; परवाना घेताना क्रमांक बदलतो आणि छापलेली सगळी लेबले रद्दीत जातात. म्हणून सुरुवातीपासूनच राज्य परवाना, वर्षाला ३,००० रुपये. अर्जाला जागेचा भाडेकरार, आराखडा, यंत्रांची यादी आणि पाण्याचा तपासणी अहवाल लागला.

जीएसटी: फक्त मालाची विक्री असेल तर ४० लाखांपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. तेल आणि पेंड मिळून वर्षाला ३४ लाखांच्या आसपास. पण शेतकऱ्याचा दाणा मजुरीवर गाळून दिला की ती सेवा होते आणि मर्यादा २० लाखांवर येते. राज्याबाहेर माल पाठवला तर नोंदणी लगेच. मजुरीच्या कामाची विचारणा रोज आहे, त्यात भांडवल अडकत नाही, तरी कर सल्लागाराबरोबर बसून आकडे पाहिल्याशिवाय ते घ्यायचे नाही.

२२ ऑगस्ट

कर्ज मंजूर. आज घाण्याची ऑर्डर, २५ दिवसांत पोच.

१२ सप्टेंबर

महावितरणची औद्योगिक थ्री-फेज जोडणी मिळाली. घाणा येण्याआधी पाया ओतला, ९ इंच काँक्रीट, चार बोल्ट. पाया हलला की लाट एका बाजूला घासते आणि उखळ अंडाकृती झिजते.

१८ सप्टेंबर

घाणा बसवला. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा उलटा फिरला. दाणा खाली दाबला जाण्याऐवजी कडेने वर आला. तीनपैकी दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या, सुरळीत झाला. रिकाम्या उखळात मोटर कधीच फिरवायची नाही, लाकडावर लाकूड घासून जळका वास धरतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला. एक फेज गेली तरी मोटर घुंघुं करत राहते आणि दहा मिनिटांत वाइंडिंग जळते. गिअरबॉक्सखाली ट्रे ठेवला, वरच्या बेअरिंगला फूड ग्रेड ग्रीस.

नवे लाकूड तेल पिते. पहिल्या सहा भरण्यांना हलका पण निरोगी दाणा घेतला. उतारा क्रमाने: ३०.५, ३३, ३५.२, ३७, ३८.१, ३८.९. या तेलाला कोवळ्या लाकडाचा वास होता. ते विकले नाही, पेंडही वेगळी ठेवली. पहिल्या दिवसाचा उतारा बघून यंत्रात खोट आहे असे समजून परत पाठवण्याची घाई कोणी करू नये.

१४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आहे. किराणा दुकानातले तेल चढेल, घाण्याच्या तेलाशी अंतर थोडे कमी होईल. पण मोंढ्यात दाणाही त्याबरोबर चढू शकतो, म्हणून दिवाळीचा दाणा आजच बोलून ठेवला.

२४ सप्टेंबर

पाण्याची चाचणी. दाण्याची ओल मीटरवर ५.५ ते ६ टक्के.

१२ किलोला पाणी अजिबात नाही: पेंड भुगा होते, लाटेखाली धरत नाही, तेल भुग्यातच राहते, उतारा ३५. १०० मिली: ३८. २०० मिली: ३९.९, पेंडीच्या घट्ट वड्या. ३५० मिली: तेल लवकर सुटले पण दुधाळ, खाली पाण्याची रेघ. तेलात पाणी राहिले की आम्लता वाढते आणि बाटली दोन महिन्यांत वास मारते. २०० मिली कायम केले. पाणी एकदम ओतायचे नाही. दहाव्या मिनिटाला अर्धे शिंपडायचे, दाणा गोळा व्हायला लागला की उरलेले. पावसाळी हवेत दाणा ८ टक्के ओलीचा असेल तर पाणी १०० मिलीवर आणायचे, किंवा दाणा आधी उन्हात पसरायचा.

भरणीला ४२ ते ४५ मिनिटे. उखळाच्या तोंडाशी तेलाचे तापमान ४३ ते ४६ अंश. दिवसाला सहा भरण्या निघतात, आठ काढायचा प्रयत्न केला तर पेंड पुरती न पिळता निघते.

३ ऑक्टोबर

निवळणी. दोन टाक्या, प्रत्येकी २०० लिटर, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या, नळ तळापासून चार इंच वर. तांबे, पितळ, लोखंड तेलाला लावायचे नाही. या धातूंचा अंश गेला तरी तेल लवकर खवट होते. वरून दुपदरी सुती कापड, टाकी सावलीत. चौथ्या दिवशी वरचे तेल स्वच्छ दिसते, तरी सात दिवस थांबायचे. तळाचा गाळ पुढच्या भरणीत टाकू नये, तेल काळसर होते.

निवडणी हे या युनिटमधले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशीचा दाणा हाताने वेचायचा. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. रिफाइंड तेलात अल्कलीच्या प्रक्रियेत ते निघून जाते, घाण्याच्या तेलाला तशी पायरीच नाही. बराच भाग पेंडीत उतरतो, पेंड गाय खाते आणि दुधात त्याचा अंश येतो. दिवसाला ७२ किलो दाण्याला दोन बायकांचा अडीच तासांचा वेळ लागतो. यात बचत करायची नाही. वेचलेला दाणा पेंडीत मिसळायचा नाही, जाळून टाकायचा.

९ ऑक्टोबर

प्रयोगशाळेचा अहवाल आला. आम्लमूल्य, म्हणजे तेलातल्या मोकळ्या आम्लांचे माप, १.६ (मर्यादा ६). आयोडीन मूल्य, म्हणजे असंपृक्त मेदाचे माप, ९३ (८५ ते ९९ च्या आत). पुढची तपासणी तीन महिन्यांनी, आणि दाण्याचा पुरवठादार बदलला की लगेच.

१४ ऑक्टोबर

लेबल. सुटे खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, गिऱ्हाईक घरून डबा घेऊन आले तरी सीलबंद बाटलीच द्यायची. लेबलवर तेलाचे नाव, बॅच, उत्पादन तारीख, कधीपर्यंत वापरावे, लिटर आणि ग्रॅम दोन्ही, सर्व करांसह किंमत, परवाना क्रमांक, पूर्ण पत्ता, तक्रारीचा फोन, शाकाहारी चिन्ह, पोषणमूल्ये, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी सूचना. पहिल्या मसुद्यात छपाईवाल्याने हृदयाला गुणकारी असल्याची ओळ स्वतःहून टाकली होती, ती काढली. कोलेस्टेरॉल आणि हृदयाचे असले दावे तेलाच्या पाकिटावर चालत नाहीत. पॅकर म्हणून वैधमापन (वजने-मापे) खात्याकडेही नोंदणी केली, आणि काट्यावर शिक्का मारून घेतला, तो दरवर्षी नवा लागतो.

बाटली डोळ्याने रेघेपर्यंत भरायची नाही. दुपारी तेल फुगते, सकाळी आकसते. काट्यावर ९१२ ग्रॅम भरले की झाकण.

२१ ऑक्टोबर

तळताना फेस येतो अशा पाच तक्रारी. पाचही बाटल्या एकाच बॅचच्या, निवळणी चार दिवसांची. दिवाळीच्या घाईत सात दिवस थांबलो नव्हतो. न गाळलेला बारीक अंश आणि ओल यामुळे कढईत फेस उसळतो, आणि चकल्या तळताना तो धोक्याचा आहे. पाचही बाटल्या बदलून दिल्या, उरलेल्या ३४ टाकीत परत ओतल्या. घाण्याच्या तेलाला थोडा फेस येतोच, म्हणून प्रत्येक बाटलीसोबत चिठ्ठी: कढई अर्धीच भरा, आधी मंद आचेवर तेल तापू द्या, मग आच वाढवा.

५ नोव्हेंबर

ऑक्टोबरचा हिशोब. विक्री ६१० लिटर: ४७० थेट, १४० दोन दुकानांतून. थेट विक्रीत सुटले २७,२६०, दुकानांत १,४००. ठरल्यापेक्षा १४० लिटर कमी विकले, त्यामुळे स्थिर खर्च लिटरमागे चारेक रुपयांनी वाढला. तो वजा करून सुमारे २६,२००. घाणा चालवणाऱ्या मालकाचा पगार यातूनच निघायचा आहे. दुकानांची उधारी १९,००० अडकली. पुढे दुकानाला एका वेळी १० बाटल्या, आधीच्या १० चे पैसे आल्यावरच पुढच्या.

पेंड वेळेवर गेली. दोन गोठ्यांशी आठवड्याचा ठराव आहे. गरम पेंड पोत्यात भरली तर आत घाम धरून बुरशी येते. एक रात्र फळ्यांवर पसरून मग भरायची.

२७ नोव्हेंबर

करडई. अख्खी करडई घाण्यात टाकली तर लाट नुसती फिरते, टणक साल फुटत नाही. आधी भरड काढली, १० किलोची भरणी, उतारा २६. पेंडीत सालीचा भाग जास्त म्हणून २४ रुपयेच मिळाले. करडई किलोला ५२ रुपयांनी घेतली. १० किलोचे ५२०, पेंड ७ किलोची १६८, तेल २.६ किलो म्हणजे साधारण २.८५ लिटर: नुसत्या बियाण्याचाच खर्च लिटरला १२४. शेंगदाण्याचा हाच आकडा २०८ आहे. पण भरणीला ६५ मिनिटे लागतात आणि तेल जवळपास निम्मेच मिळते. आठवड्यात एकच दिवस करडई, मागणीपुरती.

१८ डिसेंबर

तेल गोठले, भेसळ आहे का, असे फोन आले. पहाटे थंडी वाढली की शेंगदाणा तेल गढूळ आणि घट्ट होते, करडईचे होत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा स्वच्छ. सकाळी दहाच्या आधी बाटल्या भरणे बंद केले, कारण गढूळ तेलात गाळ आहे की थंडी, ते ओळखू येत नाही.

१० जानेवारी २०२५

तीन आठवड्यांत कच्चा उतारा ४० वरून ३८.१ वर आला. दाणा तोच, ओल ५.८, पाणी २०० मिली, वेळ ४५ मिनिटे. पाचपैकी तीन आकडे जागेवर, तेल कमी आणि पेंड जास्त. पेंडीची वडी हातात दाबली तर बोटाला तेल लागते. लाट काढून पाहिली: खालचे टोक एका बाजूने झिजलेले, उखळाशी अंतर वाढलेले. सुमारे ५५० भरण्या झाल्या आहेत.

सुटी लाट बसवली. नवे लाकूड पुन्हा तेल पिणार, हे धरूनच चाललो. उतारा ३६.४, ३८, ३९.३, ४०.१. जुनी लाट सुताराकडे दिली, झिजलेला भाग ताशून गोल करून घ्यायचा. लाटेची तपासणी आता दर ४०० भरण्यांनी.